टेकडीवर उघडलेलं पान

“पान उघडत नाही, बाई,” फोनमधला आवाज तिसऱ्यांदा म्हणाला. “नुसतं पांढरं येतं. वर एक चकती फिरत राहते आणि मग फोनच बंद पडतो.”

कर्डिलेबाईंनी फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला होता. वाऱ्याचा आवाज एवढा मोठा येत होता, की माणूस मोटारसायकलवरून बोलतोय असं वाटावं.

“तुम्ही आहात कुठे, गुरुजी?” बाईंनी विचारलं.

“टेकडीवर. आमच्या पाड्यावर रेंज नाही. फक्त इथं वर येते, सागाच्या दोन झाडांच्या मधे. शाळा सुटली की चढतो.”

ही २०११ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. संगमनेरच्या बाहेर, नाशिक रस्त्याला तेव्हा ‘ओंजळ’ नावाची संस्था होती. भान हरपून स्टेशनांवर, एसटी स्टँडांवर भटकणाऱ्या बायकांना तिथे आणायचे, औषधपाणी करायचे आणि त्या जरा सावरल्या की त्यांच्या माणसांचा शोध घ्यायचे. कर्डिलेबाई संस्थेच्या प्रमुख. मी यशवंत घुले, गावात माझा फोटो स्टुडिओ. पुण्याच्या एका ओळखीच्या गृहस्थाने संस्थेला वेबसाइट करून दिली होती. त्यावर बायकांचे फोटो लावायचे, म्हणजे कुणीतरी कुठेतरी ओळखेल, अशी कल्पना. फोटो काढायचं आणि वेबसाइटवर चढवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्या बुधवारी नव्याने आलेल्या दोघींचे फोटो काढायला गेलो होतो, म्हणून हे बोलणं माझ्या कानावर पडलं.

बोलणारे होते वळवी गुरुजी. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या आत, बोरीपाडा म्हणून वस्ती आहे, तिथल्या शाळेवर मास्तर. त्यांच्या पाड्यावरची एक बाई पाच वर्षांपूर्वी गुजरातेत कापूस वेचायला गेली आणि परतलीच नाही. सोबतच्या मजुरांनी एवढंच सांगितलं, की ताप आला होता, डोकं फिरल्यासारखं करत होती आणि एका स्टेशनात गर्दीत हरवली.

“नाव काय तिचं?”

“मतदार यादीत गुलाबी दाज्या पावरा. वय तीस धरा.”

“दिसायला कशी होती?”

“मी नवा आहे, बाई. मी तिला पाहिलेली नाही. तिची आई ओळखेल. म्हणून तर फोटो पाहिजेत.” मग गुरुजींनी खरं कारण सांगितलं. “घाई एवढ्यासाठी करतो, की या रविवारी तिचे दिवस घालणार आहेत. मेली असं धरून. पाड्यातल्या जाणत्यांनी ठरवलंय. आई एकटीच नाही म्हणते. पण एकदा का दिवस घातले, की मग ती परत आली तरी तिला घरात घेणं अवघड होऊन बसेल.”

बाईंनी शबाना सिस्टरला हाक मारली. सिस्टर गेली सहा वर्षं तिथे होत्या. शहाऐंशी बायकांची औषधं, अंघोळी, भांडणं, सगळं त्यांच्याकडे. त्या अंगणात गेल्या आणि “गुलाबी, ए गुलाबी” अशा हाका मारत सगळ्या बायकांमधून फिरून आल्या. एकीनेही मान वळवली नाही.

“फोटो पोस्टाने पाठवले तर?” बाईंनी विचारलं.

“इथं पत्राला आठ-दहा दिवस लागतात,” गुरुजी म्हणाले.

व्हॉट्सॲप वगैरे तेव्हा आमच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. फोन ठेवल्यावर बाई माझ्याकडे वळल्या.

“घुलेभाऊ, पान उघडत नाही म्हणजे काय होतं?”

“त्यांचं नेट हळू असणार,” मी म्हणालो.

“ते हळू आहे हे त्यांना माहीतच आहे. आपण काय करायचं ते सांगा.”

मला राग आला, खरं सांगतो. त्या फोटोंवर माझा फार जीव होता. नवा बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला होता. प्रत्येकीला मी सकाळच्या कोवळ्या उन्हात अंगणातल्या कडुनिंबाखाली बसवलं होतं. मागे पिवळी भिंत, भिंतीवर पानांच्या सावल्या, आणि त्या सगळ्यात एका बाजूला ती बाई. त्यातले सहा फोटो नाशिकच्या एका प्रदर्शनात लागले होते आणि लोक त्यांच्यासमोर थांबून पाहत होते. कॅमेऱ्यातून निघाले तसेच्या तसे, एक कणही कमी न करता, मी ते वेबसाइटवर चढवले होते. स्टुडिओत ते उघडायला वेळ लागायचा, पण मी तेवढ्यात चहा पिऊन घ्यायचो.

त्या संध्याकाळी स्टुडिओत बसून पहिल्यांदा हिशेब केला. एक फोटो साडेपाच एमबीचा. तसे शहाऐंशी, सगळे एकाच पानावर. गुरुजींच्या फोनला मिळत असेल त्या वेगाने ते पान पूर्ण उतरायला जवळजवळ दोन दिवस लागले असते, तेही रेंज एकदाही न जाता. माणूस टेकडीवर किती वेळ उभा राहणार?

लग्नाचे अल्बम करायला फोटोशॉप मला चांगलं येत होतं. फोटो मोठा कसा करायचा, पोस्टरएवढा कसा ताणायचा, यात मी पटाईत होतो. लहान करायचा प्रसंग कधी आला नव्हता. गुरुवारी सकाळी बसलो आणि सगळे फोटो एका झटक्यात लहान करून टाकले. रुंदी पासपोर्ट फोटोइतकी केली, दर्जाचा काटा अगदी खाली ओढला. साडेपाच एमबीचा फोटो तीन केबीवर आला. म्हणजे आधीच्या एका फोटोच्या जागेत आता सतराशे-अठराशे मावले असते. दुपारपर्यंत सगळे चढवले आणि बाईंना सांगितलं, “आता उघडेल.”

संध्याकाळी साडेपाचला गुरुजींचा फोन आला तेव्हा मी, बाई आणि सिस्टर तिघंही टेबलापाशी होतो.

“उघडलं,” गुरुजी म्हणाले. “दोन मिनिटांत सगळं उघडलं.”

बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी नको नको म्हणत होतो, पण आतून फुलून गेलो होतो.

“आई आली आहे का?”

“आली आहे. चढताना दम लागला तिला. एक एक दाखवतो. फोन चालू असला की पान चालत नाही, म्हणून ठेवतो. झालं की करतो.”

अर्धा तास गेला. चहा येऊन गार झाला. मग फोन वाजला.

“नाही म्हणते, बाई.”

“सगळे पाहिले?”

“दोनदा पाहिले. यात नाही म्हणते.” वाऱ्याच्या आवाजात गुरुजींचा आवाज बारीक झाला होता. “खाली निघालीसुद्धा ती. आता मी रविवारचं थांबवा असं कुणाला सांगू शकत नाही. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं.”

बाई म्हणाल्या, “नसेल आपल्याकडे. देशात काय आपली एकच संस्था आहे?” पण त्या उठल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी शबाना सिस्टर माझ्या स्टुडिओत आल्या. त्या याआधी कधी आल्या नव्हत्या. पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “घुलेदादा, त्या आईने जे पाहिलं, ते मला दाखवा.”

मी पान उघडलं. आमच्या नेटवर ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडलं. सिस्टर स्क्रीनजवळ झुकल्या.

“ही कोण?” त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं.

“ओळखा ना तुम्ही.”

“मला नाही ओळखू येत.”

“अहो, मालन ती.”

मालन हे नाव सिस्टरांनीच ठेवलेलं. चार वर्षांपूर्वी मनमाड स्टेशनातून पोलिसांनी तिला आणलं, तेव्हापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. डॉक्टरांनी कान-घसा सगळं तपासलं होतं. मुकी असावी असंच सगळे धरून चालले होते. बाकी ती सावरली होती. भाकरी करायची, आजारी बायकांना भरवायची. सिस्टर रोज सकाळी तिची वेणी घालायच्या.

“रोज हिचा चेहरा माझ्या हातात असतो,” सिस्टर म्हणाल्या. “मला ओळखू येत नाही, तर पाच वर्षांनी त्या म्हातारीला कशी येईल?”

मी फोटो नीट पाहिला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. पिवळी भिंत होती. कडुनिंबाच्या सावल्या होत्या, त्या आता डागांसारख्या दिसत होत्या. आणि एका कोपऱ्यात, शेंगदाण्याएवढा, मालनचा चेहरा. नाक कुठलं, ओठ कुठले, काही कळत नव्हतं. लेकीला शोधणाऱ्या आईला मी शहाऐंशी वेळा भिंत दाखवली होती.

“सिस्टर, तुम्हाला आज सुट्टी मिळेल?”

“सांगूनच आलेय.”

मग आम्ही दिवसभर बसलो. स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढलं. मी मूळ मोठे फोटो एक एक उघडत होतो आणि कातरत होतो. भिंत काढली, झाड काढलं, साडी, खुर्ची, उन्हाची तिरीप, सगळं काढलं. पहिल्या पाच-सहा फोटोंना हात आखडत होता. त्या सावल्यांसाठी मी किती सकाळी ताटकळलो होतो. नंतर हात मोकळा झाला.

पण नुसता चेहरा ठेवून भागत नव्हतं. कुठे कातरायचं ते सिस्टर सांगत होत्या.

“हिचा कान तोडू नका. पाळी फाटलेली आहे, डावीकडची. घरचे त्यावरून ओळखतील.”

“हिला हसतानाचा फोटो नाही का? पुढचा दात अर्धा आहे तिचा.”

“हिचं कपाळ वरपर्यंत घ्या. भाजल्याची खूण आहे.”

मालनचा फोटो आला तेव्हा मी सवयीने ओठांच्या खाली कातरत होतो.

“थांबा. हनुवटी घ्या पूर्ण. गोंदण आहे.”

मी फोटो मोठा केला. हनुवटीवर हिरवट ठिपके होते. चार एका ओळीत आणि पाचवा खाली, तिरका, ओळ सोडून गेलेला.

“गोंदताना हलली असणार,” सिस्टर म्हणाल्या. “मी रोज बघते. पोरसवदा असेल तेव्हा.”

आता काटा किती खाली ओढायचा, हा प्रश्न होता. फार ओढला, की ठिपके त्वचेत विरघळून जायचे. कालच्या फोटोत तेच झालं होतं. थोडा वर केला की दिसायचे, पण वजन वाढायचं. मी खालीवर करत होतो आणि सिस्टर स्क्रीनला नाक लावून सांगत होत्या, “गेला पाचवा. आता आला. गेला. आला.” शेवटी बारा केबीला पाचही ठिपके सुटे दिसले. त्याच मापाने सगळे केले. ते एका पानावर टाकले असते तर पुन्हा जड झालं असतं, म्हणून दहा-दहा चेहऱ्यांची नऊ पानं केली आणि खाली ‘पुढे’ असं बटण दिलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास सगळं चढवून झालं. सिस्टरांनी स्वतःच्या साध्या फोनवर पान उघडून पाहिलं आणि दहाही बायकांची नावं न चुकता सांगितली.

पण गुरुजींना कळवायचं कसं? शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन लागला नाही. शनिवारी सकाळी लागला नाही, दुपारी लागला नाही. आता त्यांना टेकडी चढायचं कारणच उरलं नव्हतं. उद्या रविवार होता.

बाईंनी गुरुजींच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फोन लावला. तिथल्या एका हवालदारांनी ऐकून घेतलं. “त्या बाजूला शेवटची जीप चारला जाते,” ते म्हणाले. “ड्रायव्हरला सांगतो. पण पाडा जीपच्या रस्त्यापासून आत आहे. निरोप पोचेलच असं नाही.”

“काय निरोप देताय तेवढं मला सांगा,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही सांगा, तोच देतो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “सांगा, फोटो चुकीचे होते. चूक आमची होती. परत बघा.”

रविवारी सकाळी आम्ही तिघंही आठ वाजल्यापासून ऑफिसात होतो. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. सिस्टर दोनदा उठून औषधं वाटून आल्या. बाई कुठलं तरी रजिस्टर उघडून बसल्या होत्या, पण पान उलटत नव्हत्या. माझ्या डोळ्यांसमोर एकच येत होतं. तिकडे पंगतीच्या चुली पेटल्या असतील.

दहा वाजून गेल्यावर फोन वाजला. बाईंच्या आधी मीच स्पीकरचं बटण दाबलं.

“बाई,” गुरुजी धापा टाकत होते. “निरोप सकाळी मिळाला. एक माणूस चालत घेऊन आला. आईला घेऊन वर आलोय. पान उघडतंय. तिसरं पान झालं. ठेवतो.”

पुन्हा तीच वाट पाहणं. पण या वेळी दहा मिनिटंही गेली नाहीत.

“बाई, पाचवं पान. खालून दुसरा फोटो.”

मी कॉम्प्युटरवर लगेच पाचवं पान उघडलं. खालून दुसरी मालन होती.

“आई काय म्हणते?” बाईंनी विचारलं.

“फोन माझ्या हातातून घेतला आणि पदरात धरून बसली. मी हा तिच्या भाच्याच्या फोनवरून बोलतोय.” “आत्ता एवढंच म्हणाली, गोंदवताना हिचं तोंड मीच धरलं होतं. माझा हात सुटला आणि ही हलली.”

सिस्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. अंगणात मालन दोरीवर चादरी वाळत घालत होती.

“गुरुजी,” बाई म्हणाल्या, “खाली जाऊन सांगा. आपली बाई जिवंत आहे, भाकरी करते, म्हणून सांगा.”

“सांगतो. जेवण तर शिजलंय, ते माणसं जेवतीलच. पण आता वेगळं जेवतील.”

चौथ्या दिवशी, गुरुवारी, ती माणसं संगमनेरला आली. एक रात्र धुळ्याला काढून, तीन गाड्या बदलून. म्हातारी, तिचा भाचा आणि वळवी गुरुजी. गुरुजी मला वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ तरुण निघाले. मी त्यांना स्टँडवरून माझ्या गाडीतून आणलं.

वाटेत ते म्हणाले, “साहेब, एक सांगू? मी पहिल्यांदा दिवाळीत प्रयत्न केला होता. पेपरात तुमच्या संस्थेचं नाव वाचलं होतं. त्यानंतर सहा-सात वेळा टेकडी चढलो. मला वाटलं, माझाच फोन खराब. चारचौघांत विचारायची लाज वाटली. मग रविवारचं ठरलं, तेव्हा लाज सोडून बाईंना फोन लावला.”

मालनचा फोटो मी आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चढवला होता. दिवाळीपासून ती त्या माणसाच्या हातात होती, फक्त उघडत नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. गुरुजींना तेव्हा “तुमचा फोन चांगला आहे,” एवढंच म्हणालो.

संस्थेत पोचलो तेव्हा सिस्टरांनी मालनला पायरीवर बसवून ठेवलं होतं, वेणी घालून. तिला काही सांगितलेलं नव्हतं. सांगून तिला काय कळतं, हे आम्हाला कधीच कळलं नव्हतं. म्हातारी फाटकातून आत आली आणि दहा पावलांवर थांबली. धावली नाही, रडली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि शेतातून हाक मारावी तशी मोठ्याने म्हणाली, “रेशी.”

गुलाबी हे नाव मतदार यादीपुरतंच होतं. घरी तिला त्या नावाने कुणी कधी हाक मारलीच नव्हती.

मालन उठली. तिचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि मग ती बोलायला लागली. थांबेचना. आईसमोर जाऊन, हातवारे करत, तिचा पदर ओढत, त्यांच्या बोलीत भराभर बोलत सुटली. चार वर्षांत ज्या बाईचा आवाजही आम्ही ऐकला नव्हता, तिचा आवाज सगळ्या अंगणात घुमला. बाकीच्या बायका कामं टाकून जमा झाल्या. आमच्यातल्या कुणालाच त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

“मुकी नव्हतीच,” सिस्टर म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. “तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं फक्त.”

मी गुरुजींच्या जवळ सरकलो. “काय म्हणतेय ती?”

गुरुजींनी जरा कान देऊन ऐकलं. मग त्यांना हसू आवरेना.

“शिव्या देतेय आईला,” ते म्हणाले. “इतका उशीर का लावलास म्हणून.”

म्हातारी लेकीच्या हनुवटीला हात लावून सगळ्या शिव्या नीट ऐकून घेत होती.